बँकॉकमध्ये बोळातून काढता येत नाही

लक्ष्मी रोड तुंबला की पुणेकर काय करतो? गाडी आत घालतो, कुठल्याशा वाड्याशेजारच्या बोळातून नारायण पेठेत उतरतो आणि दोन वळणांत केळकर रस्त्याला लागतो. बँकॉकला जाताना ही सवय घरीच ठेवावी. तिथल्या गल्लीला सॉय म्हणतात, आणि बऱ्याच सॉय लांबवर आत जाऊन एखाद्या भिंतीला नाहीतर कालव्याला टेकून संपतात. हे शहर भातशेतीच्या लांबट पट्ट्यांवर आणि कालव्यांच्या जाळ्यावर वाढलं. पुढे अनेक कालवे बुजवून त्यांचे रस्ते झाले, शेतात जाणाऱ्या वाटांच्या सॉय झाल्या, पण त्या एकमेकींना जोडणाऱ्या आडव्या गल्ल्या फार थोड्या झाल्या. आतल्या प्रत्येक गाडीला शेवटी त्याच एका मोठ्या रस्त्यावर यावं लागतं. मोठ्या चौकांतले सिग्नल पुष्कळदा चौकीत बसलेला पोलीस हाताने चालवतो, आणि एका बाजूचा लाल दिवा चार-पाच मिनिटं हलत नाही. मॅपवर तीन किलोमीटर दिसतात, टॅक्सीत पाऊण तास जातो.

म्हणून लांबचा टप्पा रुळांवरून नाहीतर पाण्यावरून करायचा, शेवटचा टप्पा पायी किंवा बाइकवर, आणि चारचाकी घ्यायची ती पहाटे, रात्री उशिरा किंवा बॅगा बरोबर असतील तेव्हा. दुपारी चार ते रात्री आठ या वेळात गाडीने शहर ओलांडायचा विचारच करू नका.

याची सुरुवात हॉटेल निवडण्यापासून होते. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच टूर प्रतुनामला उतरवतात, कारण कपड्यांचा होलसेल बाजार तिथे आहे आणि देशी जेवण मिळतं. खरेदीसाठी जाणार असाल तर ठीक. फिरायला जाणार असाल तर प्रतुनाम गैरसोयीचं, कारण तिथून जवळची स्कायट्रेनची स्टेशनं, चित लोम किंवा रात्चथेवी, हॉटेलनुसार साधारण एक किलोमीटरवर, आणि मधल्या चौकात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. खाओसान रोडला तर ट्रेनच नाही. तिथे राहणाऱ्याने नदीवरचा फ्रा आर्थित हा धक्का आपलं स्टेशन समजावा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी अशोक, फाया थाई किंवा साला देंग सुचवेन. तिन्हीकडे दोन वेगवेगळ्या गाड्या एकत्र येतात, त्यामुळे संध्याकाळी परतताना एकीची गर्दी चुकवून दुसरीने येता येतं.

बुकिंग साइटवर 'स्टेशनपासून 600 मीटर' लिहिलेलं असतं ते बहुधा सरळ रेषेतलं अंतर असतं. मॅपवर पायी जाण्याचा रस्ता टाकून बघा. सुखुमवितवर हे विशेष सांभाळायला हवं. 'सॉय 11' हा पत्ता सॉयच्या तोंडाशी असू शकतो, नाहीतर पार आत. एप्रिलच्या उन्हात चाकांची बॅग ओढत हा फरक चांगलाच कळतो. आणखी एक घोळ म्हणजे क्रमांक. सुखुमवितच्या उत्तरेला विषम आकड्यांच्या सॉय, दक्षिणेला सम. पण समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत, कारण दोन्ही बाजूंना सॉयची संख्या वेगळी. सॉय 55 म्हणजे थोंग लोच्या समोर सॉय 38 येते. '38 आणि 39 शेजारीच असणार' असं धरून निघालात तर एक अख्खं स्टेशन चालावं लागेल, कारण 39 ही फ्रोम फोंगजवळ आहे.

विमानतळावरून

तिकिटावर कुठला विमानतळ आहे ते आधी वाचा. सुवर्णभूमी वेगळा, दोन मुआंग वेगळा, आणि दोन्ही शहराच्या वेगळ्या टोकांना. पुढे फुकेत किंवा क्राबीचं स्वस्तातलं विमान दोन मुआंगवरून असेल आणि तुम्ही सुवर्णभूमीला उतरत असाल, तर मध्ये चार-पाच तास ठेवा. पुढचं तिकीट दाखवलं की दोन्ही विमानतळांमध्ये फुकट शटल बस मिळते, पण ती त्याच ट्रॅफिकमधून जाते.

1 मे 2025 पासून थायलंडला डिजिटल अरायव्हल कार्ड लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी साइटवर ते फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती दलालाची समजा.

सुवर्णभूमीला आगमन दुसऱ्या मजल्यावर, टॅक्सी पहिल्यावर, आणि एअरपोर्ट रेल लिंक तळघरात. बॅगा घेतल्यावर समोर दिसणाऱ्या पैसे बदलण्याच्या खिडक्यांकडे जाऊ नका. तळघरात ट्रेनच्या दाराजवळ जे छोटे काउंटर आहेत त्यांचा भाव लक्षात येण्याइतका चांगला असतो. रुपये बदलायला नेले तर मार बसतो, डॉलर न्या. एटीएममधून काढलेत तर तिथली बँक प्रत्येक वेळी सव्वादोनशे बाटांच्या आसपास कापून घेते, मग दोन हजार काढा की वीस हजार. म्हणून काढायचे तर एकदाच. बाट अडीच-तीन रुपयांच्या घरात असतो, त्यावरून हिशोब करा. आणि हजाराची नोट मिळाली की ती लगेच एखाद्या सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोडा. बोट, बस, बाइकवाला यांच्यापुढे हजाराची नोट काढणं म्हणजे पीएमटीच्या कंडक्टरपुढे पाचशेची काढण्यातला प्रकार.

रेल लिंक फाया थाईपर्यंत जाते. आठ स्टेशनं, साधारण अर्धा तास, जास्तीत जास्त भाडं 45 बाट. मक्कासानला उतरून छतवाल्या पुलावरून फेत्चबुरी मेट्रो गाठता येते. शेवटच्या फाया थाईला स्कायट्रेन. प्रतुनामला जाणाऱ्यांनी त्याआधीच्या रात्चप्रारोपला उतरावं, तिथून बायोकेच्या उंच इमारतीकडे पायी जाता येतं. चौघांचं कुटुंब आणि चार बॅगा असतील तर मात्र गणित बदलतं. रेल लिंकचे 180 बाट, पुढे स्कायट्रेनची चार तिकिटं, वर जिने. टॅक्सी तेवढ्याच अंतराला मीटरने 250 ते 350, विमानतळाचे 50, आणि एक्स्प्रेसवेने गेलात तर टोलचे 75. पहाटे पाचला उतरलात तर टॅक्सी घ्या. सकाळी साडेसातला उतरलात तर दोघांनी ट्रेनच घ्यावी, फक्त लात क्राबांगपासून ऑफिसची गर्दी चढते तेव्हा बॅगा दाराशी अडकवू नका.

टॅक्सीसाठी पहिल्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर लेनचा क्रमांक आणि चालकाची माहिती असते. चालक ती मागेल, पण देऊ नका, फोटो तरी काढून ठेवा. गाडीत काही विसरलं तर शोध तिच्यावरूनच लागतो. टोल प्रवाशाने द्यायचा असतो आणि तो नाक्यावरच, रोख. 'टोलसकट पाचशे' असं ठरवू नका.

दोन मुआंगला उतरणाऱ्यांना टर्मिनलसमोरच पुलाने जोडलेलं रेड लाइन या लोकल ट्रेनचं स्टेशन आहे, नाहीतर 'ए1' बस, जी मो चितच्या स्कायट्रेनला सोडते.

ट्रेन एक नाही, दोन

पुण्यात वनाझवरून बसून सिव्हिल कोर्टला गाडी बदलली तरी तिकीट तेच राहतं. बँकॉकमध्ये तसं समजून चालू नका. डोक्यावरून धावणारी बीटीएस स्कायट्रेन, जी 5 डिसेंबर 1999 ला सुरू झाली, ही एक कंपनी. 2004 मध्ये आलेली भुयारी एमआरटी ही दुसरी. स्टेशनं शेजारी असतात, पण नावं वेगळी आणि तिकिटंही वेगळी. बीटीएसचं अशोक म्हणजे एमआरटीचं सुखुमवित. बीटीएसचं साला देंग म्हणजे एमआरटीचं सी लोम. मो चित म्हणजे चतुचक पार्क. मॅपवर ही जोडनावं लक्षात ठेवली तर अर्धा गोंधळ संपतो. एका कंपनीतून बाहेर पडून दुसरीत शिरलं की किमान भाडं पुन्हा सुरू, त्यामुळे दोनदा बदलण्यापेक्षा कधीकधी एकीतच थोडं लांबून जाणं स्वस्त पडतं.

एमआरटीच्या गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की दार उघडतं, बाहेर पडताना तेच टेकवायचं. इथे भारतीयांचं कार्ड चालत नाही तेव्हा कारण बहुधा एकच असतं: रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दोन्ही खटके वेगवेगळे चालू करावे लागतात, आणि ते निघण्यापूर्वी पुण्यातच करावेत, कारण ओटीपी तुमच्या भारतीय सिमवर येतो आणि ते सिम बहुधा तेव्हा पाकिटात असतं. एका माणसाला एक कार्ड. नवऱ्याच्या कार्डावर बायको आत जाऊ शकत नाही. आत जाताना मोबाइल टेकवला आणि बाहेर येताना तेच कार्ड हातात धरून टेकवलं तर यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात. यूपीआय गेटवर चालत नाही. कार्ड नसेल तर टोकन घ्या. काळं प्लास्टिकचं, कॅरमच्या सोंगटीएवढं. जाताना टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं.

बीटीएसची सवय वेगळी. तिथे एका फेरीचं पातळ कार्ड मिळतं किंवा पैसे भरून वापरायचं रॅबिट कार्ड घ्यायचं, ज्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. तिकिटाच्या जुन्या यंत्रांत फक्त नाणी जातात. रांगेत उभं राहून आपली पाळी आल्यावर खिशात शंभराचीच नोट सापडते, आणि मागचे लोक काही न बोलता फक्त बघतात. काउंटरवरचा माणूस सुट्टे देतो. भाडं 17 बाटांपासून पुढे, लांबच्या टोकांना साठीच्या पुढे. दिवसभराचा पास 150 बाटांचा. दिवसात पाच-सहा फेऱ्या करणार असाल तरच परवडतो, तो रात्री गाड्या बंद होईपर्यंतच चालतो, 24 तास नव्हे, आणि एमआरटीत चालत नाही. 90 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट लागत नाही. चार-पाच दिवस राहणार असाल आणि रोज चढ-उतार असेल तर रॅबिट घ्या, रांग वाचते. पैशांची बचत होईल म्हणून घेऊ नका.

दिशा शेवटच्या स्टेशनच्या नावाने कळते. सुखुमवित मार्गाची टोकं खू खोत आणि खेहा, सीलोम मार्गाची नॅशनल स्टेडियम आणि बांग वा. दोन्ही मार्ग सयामला भेटतात. फलाट दोन मजल्यांवर आहेत, आणि पुष्कळदा हवी ती गाडी समोरच्याच कडेला उभी असते, त्यामुळे जिन्याकडे धावण्याआधी मागे वळून पाटी वाचा.

स्टेशनातून बाहेर पडताना एक्झिटचा क्रमांक बघणं हे तिथलं अर्धं शहाणपण. बीटीएसची स्टेशनं रस्त्यावर आडवी पसरलेली असतात. चुकीच्या टोकाने उतरलात की सहा पदरी रस्त्याच्या पलीकडे, आणि परत जायला पूल. चतुचकच्या बाजाराला मो चित बीटीएसपेक्षा एमआरटीचं कामफेंग फेत घ्या, त्याच्या 2 नंबरच्या एक्झिटमधून थेट दुकानांतच डोकं वर निघतं. बरोबर आजी-आजोबा असतील तर लक्षात ठेवा की बीटीएसच्या बऱ्याच स्टेशनांवर सरकता जिना फक्त वर जाणारा असतो आणि लिफ्ट एखाद्याच एक्झिटला. एमआरटी त्यांच्यासाठी बरी. डब्यात एसी इतका कडक असतो की घामाने भिजलेल्या माणसाला हुडहुडी भरते. एक ओढणी किंवा पातळ जॅकेट पिशवीत असावं. डब्यात खाणं-पिणं बंद, म्हणजे बाकरवडीची पिशवी बंदच ठेवायची.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागतं. सगळे जागच्या जागी थांबतात. आपणही थांबावं, अर्ध्या मिनिटात गाडी सुटत नाही, सुटली तरी तीन-चार मिनिटांत दुसरी असते.

पाण्यावरून

जुन्या शहरासाठी, म्हणजे राजवाडा आणि वात फो, वात अरुण या देवळांसाठी, नदीसारखा रस्ता नाही. 2019 पासून एमआरटीचं सनाम चाय स्टेशन वात फोजवळ झालं आहे, ते जाताना वापरा, येताना बोट घ्या किंवा उलट. पण दोन्हीकडे टॅक्सी नको.

बीटीएसच्या सफान ताकसिनला उतरलं की 2 नंबरच्या एक्झिटखालीच साथोन धक्का. इथे पहिला गोंधळ. निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीची माणसं माइक घेऊन उभी असतात आणि दिवसाचा पास पुढे करतात. त्या बोटी वाईट नाहीत, बसायला जागा मिळते, इंग्रजीत माहिती सांगतात. पण दोन ठिकाणं बघायची असतील तर शेजारच्या नारिंगी झेंड्याच्या बोटीचं तिकीट 16 बाट, कुठेही उतरा. झेंडा बोटीच्या मागच्या टोकाला असतो, म्हणून बोट लागेपर्यंत पुष्कळांना तो दिसतच नाही. धक्क्यांना क्रमांक आहेत: एन5 म्हणजे रात्चवोंग, चायनाटाउनसाठी, एन8 था तियन, एन9 था चांग, राजवाड्यासाठी, एन13 फ्रा आर्थित.

बोट थांबते म्हणजे काय होतं ते बघण्यासारखं आहे. मागच्या टोकाला उभा असलेला पोऱ्या शिट्टी वाजवतो, लांब, तुटक, पुन्हा लांब, आणि त्या शिट्ट्यांवरून पुढचा चालक बोट मागे-पुढे घेतो. मागचा काठ धक्क्याच्या टायरांना घासला की दोर एका खांबाला दोन वेढे टाकून पकडतात. गाठ मारत नाहीत. उतरणारे आधी, मग चढणारे, सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत, आणि दोर सुटतो. म्हणजे तुमचा धक्का येण्याआधीच मागच्या बाजूला येऊन उभं राहायचं. खिडकीजवळ बसून 'आला की उठू' म्हणालात तर पुढच्या धक्क्याला उतराल. कंडक्टरबाई हातातली पत्र्याची लांबट नळी खुळखुळवत येते, तिच्यातच नाणी आणि तिच्याच झाकणाने तिकीट फाडते. भिक्षूंसाठी राखलेल्या जागेत उभं राहू नये, आणि बायकांनी भिक्षूंना धक्का लागणार नाही इतकं अंतर ठेवावं.

था तियनहून समोरच्या वात अरुणला जायला छोटी फेरी बोट आहे, पाच बाटांच्या आसपास. नारिंगी बोटी संध्याकाळी लवकर थांबतात. सूर्यास्त बघून मग निघू म्हणणाऱ्याने परतीचा विचार आधी करावा.

दुसरं पाणी म्हणजे सेन सेप कालवा. हा पर्यटकांचा नाही, ऑफिसला जाणाऱ्यांचा. पूर्व-पश्चिम जाणारी ही बोट पश्चिमेला फान फा लीलातला, म्हणजे सोनेरी टेकडीच्या पायथ्याशी, संपते. सयामच्या मॉलमध्ये असाल आणि जुन्या शहरात जायचं असेल तर हुआ चांगच्या पुलाखालून बोट पकडा; रस्त्याने तासभर लागतो तिथे ही पाव तासाच्या आसपास पोहोचवते. प्रतुनामच्या पूर्वेला जायचं किंवा तिकडून यायचं असेल तर प्रतुनामला बोट बदलावी लागते, कारण मार्ग तिथे दोन तुकड्यांत तोडलाय. सगळे उतरले की तुम्हीही उतरा. बोट धक्क्याला क्षणभर टेकते. कठड्यावर पाय ठेवून, वरचा दोर धरून आत उतरायचं. कडेच्या सीटवर बसलात तर ताडपत्रीचा दोर तुमच्या हाती येतो: समोरून दुसरी बोट आली की तो खाली ओढायचा, कारण पाणी काळं आहे आणि वासही तसाच. मुठेच्या काठाने वाढलेल्या माणसाला वासाचं नवल नाही, पण तोंड बंद ठेवा. हेल्मेट घातलेला कंडक्टर बाहेरच्या अरुंद कडेवरून चालत पैसे गोळा करतो, खालच्या पुलांशी छप्पर खाली येतं. साडी किंवा घेरदार कपडे आणि मोठी बॅग असेल तर हा मार्ग नको. शनिवार-रविवारी बोटी लवकर बंद होतात.

टॅक्सी, टुकटुक, बाइक

टॅक्सीच्या काचेवर लाल दिव्याची अक्षरं पेटलेली असली तर ती रिकामी. मीटर 35 बाटांपासून, मोठ्या गाडीचं 40. दार उघडून आधी ठिकाण सांगायचं, मग 'मीटर' म्हणायचं, मगच बसायचं. नकार आला तर वाद घालू नका, दार लावून पुढची थांबवा. दुपारी तीन-चारच्या सुमारास नकार जास्त येतात, कारण गाडी दुसऱ्या पाळीच्या चालकाकडे परत द्यायची असते. आपल्याकडच्या 'हाफ रिटर्न'ची तिथली आवृत्ती म्हणजे पावसात आणि मॉलच्या दारात '300 फिक्स'. मॉलच्या दारातून पन्नास पावलं पुढे जाऊन चालती टॅक्सी थांबवली की बहुधा मीटर पडतो. जी आधीपासून उभी आहे ती गिऱ्हाइकाची वाट बघत उभी असते, सवारीची नव्हे.

हॉटेलचं नाव थाई लिपीत फोनमध्ये ठेवा. इंग्रजी अक्षरांतला नकाशा वयस्क चालकांना वाचता येत नाही, आणि आपले उच्चारही त्यांना कळत नाहीत. सुवर्णभूमी म्हटलं तर बघत राहतील, 'सुवन्नफूम' म्हटलं की मान हलवतील.

ग्रॅब आणि बोल्ट ही टॅक्सीची अ‍ॅप भाड्याची घासाघीस वाचवतात, ट्रॅफिक वाचवत नाहीत. भारतीय नंबरवर खातं पुण्यातच उघडून ठेवा, पैसे देण्याची पद्धत रोख ठेवा. सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो सांगतो: रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभं राहून गाडी बोलावण्यात. मधला दुभाजक लांबच्या लांब असतो, यू-टर्न एक-दोन किलोमीटरवर, आणि गाडी 'तीन मिनिटांवर' दाखवत वीस मिनिटं फिरत राहते. आधी पुलावरून ज्या दिशेला जायचं त्या बाजूला या, मग बटण दाबा. सॉयच्या आत असाल तर तोंडापर्यंत चालत या.

टुकटुक एकदा हौस म्हणून, छोट्या अंतराला, भाडं आधी ठरवून. टॅक्सीपेक्षा महागच पडते. राजवाड्याभोवती कोणी सभ्य माणूस येऊन 'आज राजवाडा बंद आहे, 20 बाटांत चार देवळं दाखवतो' म्हणाला की समजायचं, शेवटचा थांबा रत्नांचं नाहीतर सूट शिवणाऱ्याचं दुकान. चालकाला तिथे नेण्याचं पेट्रोल कूपन मिळतं, म्हणूनच भाडं इतकं कमी. राजवाडा रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो. एखाद्या समारंभाला बंद असलाच तर तो राजवाड्याच्या अधिकृत साइटवर आणि दाराशी कळतो, रस्त्यावरच्या माणसाकडून नव्हे. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, नाहीतर दारातून परत फिरवतात आणि पुढचा सगळा दिवस विस्कटतो.

शेवटच्या किलोमीटरला बाइक टॅक्सी हे त्या बंद सॉयवरचं शहराने काढलेलं उत्तर आहे. सॉयच्या तोंडाशी नारिंगी जॅकेट घातलेले चालक ओळीत बसलेले असतात, मागे दरपत्रकाची पाटी असते, आणि पाळीप्रमाणे पुढचा उठतो. आपण चालक निवडायचा नसतो. आतल्या आत 10-20 बाटांपासून. हेल्मेट मागा. पुण्यात हेल्मेटवरून कितीही वाद घातलेत तरी इथे घाला, कारण हे लोक दोन बसमधून आरशाला आरसा घासत काढतात. गुडघे आत ओढून बसा. मोठ्या रस्त्यावर लांब जायला बाइक घेऊ नका. स्वतः स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओकडून काढलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का असल्याशिवाय नको. तो नसला की दंड तर होतोच, अपघातात प्रवास विमाही हात वर करतो. माझ्या मते बँकॉकात तरी ती हौस करूच नये.

चालताना: गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, म्हणून रस्ता ओलांडायला डोकं उलट फिरवावं लागत नाही. झेब्रावर कोणी थांबेल हा भरवसा मात्र नको. फुटपाथवर बाइक येतात, त्याची आपल्याला सवय आहे. सयामपासून चित लोमपर्यंत ट्रेनच्या खाली पादचारी पूल आहे. त्या भागात गाडी, ट्रेन काहीच न घेता सावलीतून चाला. मे ते ऑक्टोबर पावसाळा. दुपारचा पाऊस तासभर झोडपतो, सॉयमध्ये घोटाभर पाणी साचतं आणि टॅक्सी गायब होतात. तेव्हा जवळच्या मॉलमध्ये जेवून घ्यावं. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो, आपल्या शाळांच्या सुट्ट्यांच्या तोंडावर. सीलोम आणि खाओसानच्या भागात वाहनं जवळजवळ थांबतात आणि अंगावर पाणी पडतंच. फोन प्लास्टिकच्या पाकिटात, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत.

पट्टायाला जायचं असेल तर एकमाई स्टेशनशेजारच्या बस स्थानकातून बस आहे, आणि सुवर्णभूमीच्या विमानतळावरून थेटही. आधी शहरात येऊन मग पट्टायाला जाणं म्हणजे अख्खा अर्धा दिवस घालवणं. अयुथयाला ट्रेनने जा. लांब पल्ल्याच्या गाड्या 19 जानेवारी 2023 पासून क्रुंग थेप अफिवात स्थानकातून सुटतात, साध्या लोकल अजून जुन्या हुआ लाम्फोंगमधून. जुन्या ब्लॉगवर विसंबून चुकीच्या स्थानकावर जाऊ नका. एमआरटीच्या निळ्या मार्गावर दोन्ही आहेत, पण मध्ये अर्ध्या तासाचं अंतर पडतं.

परतीची विमानं बहुतेक रात्रीची असतात, म्हणजे हॉटेलातून निघायची वेळ नेमकी संध्याकाळी पाच ते आठ. अशा वेळी चौघं आणि चार बॅगा असल्या तरी रेल लिंकच. मक्कासानला न चढता फाया थाईला जा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे बॅगा आधी लावून बसता येतं. एक गाडी भरलेली दिसली तर सोडून द्या आणि फलाटावर पहिले उभे राहा. हुआ माकनंतर डबा हळूहळू रिकामा होतो. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास. त्यानंतर निघायचं असेल तर टॅक्सी करा, रस्ते तेव्हा मोकळे असतात. टोलच्या नाक्यासाठी पंचवीस आणि पन्नास बाट सुट्टे खिशात ठेवा आणि रॅबिट कार्डात उरलेले पैसे एखाद्या मॅकडोनाल्डमध्ये संपवून घ्या.